दिवसाचा खेळ

सिनेमाची गोष्ट निघाली की आपण विचारतो, "कितीचा खेळ?" कोणी म्हणतो तीनचा, कोणी सहाचा, कोणी नवाचा. सहाचा आणि नवाचा हे रात्रीचे खेळ. बाराचा आणि तीनचा हे दिवसाचे खेळ.

दिवसाच्या खेळाला शहरात 'मॅटिनी' म्हणतात. हा शब्द फ्रान्स देशाच्या भाषेतून आला. त्या भाषेत सकाळला 'मातँ' म्हणतात. त्यावरून मॅटिनी. शब्द सकाळचा, पण आता तो दुपारच्या खेळालाही चिकटला आहे.

या धड्यात आपण दोन गोष्टी पाहू. दिवसाचा खेळ कसा सुरू झाला आणि तो कोणाच्या सोयीचा, ही पहिली गोष्ट. अशा खेळाला जाताना कोणती अक्षरे आधी वाचावीत, ही दुसरी. दुसरी गोष्ट नीट ध्यानात ठेवा. वेळ आली तर तीच जीव वाचवील.

१. उन्हातले नाटक

नाटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रात्र येते. दिवे येतात, पडदा येतो. पण फार पूर्वी मोठमोठी नाटके दिवसा होत. कारण साधे आहे. तेव्हा वीज नव्हती. हजारो माणसांना एकदम दिसेल एवढा उजेड देणारा दिवा एकच होता. तो म्हणजे सूर्य.

युरोपात ग्रीस नावाचा देश आहे. अथेन्स हे तिथले मोठे शहर. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे देवाच्या उत्सवात नाटके होत. डोंगराच्या उतारावर लोक बसत आणि पायथ्याशी नट काम करीत. लोक सकाळीच येऊन जागा धरीत आणि दिवसभर नाटके पाहत. वर छप्पर नव्हते. आपल्याकडे कुस्त्यांच्या फडाला लोक टेकाडावर बसतात ना, तसाच तो प्रकार.

आपल्या देशातही या गोष्टीचा विचार झाला होता. भरतमुनींचे 'नाट्यशास्त्र' हा फार जुना संस्कृत ग्रंथ आहे. कोणता प्रयोग कोणत्या वेळी करावा, हे त्यात सांगितले आहे. त्यात सकाळच्या आणि दुपारनंतरच्या प्रयोगांचाही उल्लेख आहे.

आता इंग्लंडात चला. लंडन शहरात १५९९ साली 'ग्लोब' नावाचे नाटकघर बांधले गेले. शेक्सपिअर या मोठ्या नाटककाराची नाटके तिथे होत. नाटकघर लाकडाचे होते. कडेच्या सज्जांवर गवताचे छप्पर होते. मधले अंगण मात्र उघडे होते. नाटक दुपारी सुरू होई. अंगणात उभे राहून पाहायचे तर एक पेनी पडे. पेनी म्हणजे तिकडचा छोटा पैसा. बसायला जागा हवी तर जास्त पैसे. हातावर पोट असलेला माणूसही एक पेनी टाकून नाटक पाही.

१६१३ सालच्या जून महिन्यात त्या नाटकघराला आग लागली. दिवसाचेच नाटक चालू होते. नाटकात तोफेचा बार काढायचा होता. बार काढला आणि ठिणगी छपराच्या गवतावर पडली. बघता बघता सारे नाटकघर जळून गेले. माणसे मात्र बाहेर पडली. कोणी दगावल्याची नोंद नाही. एका माणसाची विजार तेवढी पेटली, असे त्या वेळच्या एका पत्रात लिहिले आहे. ही आग लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तिची आठवण काढायची आहे.

२. गावची रात्र

मग आपल्या गावात खेळ रात्रीचे का? तेही कामामुळेच. दिवस शेताचा असतो. नांगरणी, खुरपणी, मोटा, गुरे यांतून दिवसा सवड कुठली? म्हणून कोकणात दशावतार रात्री रंगतो. जत्रेत तमाशाचा फड रात्री उभा राहतो. विदर्भाच्या पूर्व भागात, भाताच्या मुलखात, झाडीपट्टीची नाटके होतात. तीही सुगी झाल्यावर आणि रात्रीच. ती पहाटेपर्यंत चालतात.

मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली सांगलीत झाली, असे मानतात. विष्णुदास भावे यांनी तिथल्या संस्थानिकांपुढे 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. पुढे संगीत नाटकांचे दिवस आले. नाटक रात्री सुरू व्हायचे आणि उजाडेपर्यंत चालायचे. एकेका पदाला लोक पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' द्यायचे. रात्र कशी सरली ते कळायचे नाही.

पण जरा विचार करा. रात्रभर बसून नाटक पाहणे कोणाला जमणार? ज्याला सकाळी उशिरा उठले तरी चालते, त्याला. जिच्या मांडीवर तान्हे मूल आहे, तिला ते कसे जमणार? म्हाताऱ्या माणसाला रात्री अंधारात वाट कशी दिसणार? ज्याला पाच मैल चालून परगावी जायचे, त्याने काय करावे? खेळ गावात होता, पण तो सगळ्यांचा नव्हता.

३. सिनेमाला अंधार लागतो

पुढे सिनेमा आला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा हलती चित्रे दाखवली. ती फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची होती. तिकीट होते एक रुपया. त्या काळी मजुराला रोज काही आणेच मिळत. म्हणजे तो एक रुपया त्याची कित्येक दिवसांची कमाई. तो खेळ गरिबाचा नव्हताच.

पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो मुका होता. त्यात तारामतीचे काम पुरुषानेच केले होते. सिनेमात काम करायला बाई मिळेना, असा तो काळ.

नाटकाला उजेड लागतो. सिनेमाचे उलटे आहे. सिनेमाला अंधार लागतो. एका यंत्रातून उजेडाचा झोत पडद्यावर टाकतात. त्या झोताने चित्र उमटते. खोलीत दुसरा उजेड आला की चित्र फिके पडते. भर उन्हात बॅटरी लावून पाहा. तिचा उजेड दिसत नाही. तसेच हे.

म्हणून जत्रेत तंबूतला सिनेमा दिवस मावळल्यावर सुरू होई. कापडातून उजेड आत येतो. तंबूला दिवसा अंधार कोठून आणणार?

शहरात मात्र पक्की थिएटरे बांधली गेली. भिंती जाड. खिडक्या नाहीत, असल्या तर झाकलेल्या. दारांना जाड पडदे. दार लावले की भर दुपारी आत रात्र होते. अशी केलेली रात्र मिळाली म्हणून सिनेमाचा दिवसाचा खेळ नीट जमला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ग्लोब नाटकघराचे अंगण आभाळाला उघडे होते. सिनेमाची खोली चारी बाजूंनी बंद असते. आत अंधार असतो. अशा जागी बाहेर पडायची वाट ठाऊक असणे फार गरजेचे.

४. बारा, तीन, सहा, नऊ

आपल्याकडचा सिनेमा साधारण अडीच-तीन तासांचा. त्यावरून थिएटरवाल्यांनी दिवसाचे चार भाग पाडले. बारा, तीन, सहा आणि नऊ. पुष्कळ वर्षे हेच वेळापत्रक चालले. आता शहरात एकाच इमारतीत चार-पाच पडदे असलेली थिएटरे झाली आहेत. तिथे वेळा निराळ्या असतात. तिकीट मोबाईलवरही काढता येते. पण दुपारचा खेळ आहेच.

दुपारच्या खेळाचे तिकीट पुष्कळ ठिकाणी स्वस्त असते. का बरे? याचा हिशेब सोपा आहे. थिएटर बांधले, खुर्च्या आणल्या, नोकर ठेवले. हा खर्च खेळ केला तरी होतो आणि न केला तरी होतो. दुपारी थिएटर रिकामे राहिले तर एक पैसाही येत नाही. कमी दरात निम्म्या खुर्च्या भरल्या तरी चार पैसे हाती लागतात. गुऱ्हाळ लावले की मालक चुलवण विझू देत नाही, तसेच हे.

पूर्वी या दुपारच्या खेळाला जुने सिनेमेही लावीत. जुना सिनेमा आणायला पैसे कमी पडत. म्हणून लोकांनाही तो थोड्या पैशांत पाहायला मिळे.

मुंबईत मराठा मंदिर नावाचे थिएटर आहे. मुंबई सेंट्रलचे रेल्वे स्टेशन आणि एसटीचा स्टँड तिथून जवळच. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' हा हिंदी सिनेमा तिथे २० ऑक्टोबर १९९५ रोजी लागला. पुढे तो दिवसाच्या खेळात वर्षानुवर्षे चालू राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये त्याचे एक हजार आठवडे पूर्ण झाले. गाडीला वेळ असलेला प्रवासी, सुट्टीचा कामगार, गावाकडून आलेला पाहुणा, असे लोक स्वस्तात तिकीट काढून तिथे बसत. एक सिनेमा इतकी वर्षे टिकला, तो दिवसाच्या स्वस्त खेळामुळे.

५. हा खेळ कोणाचा?

दिवसाच्या खेळाला कोण येते ते पाहा.

बायका येतात. सकाळचे काम उरकून येतात आणि दिवेलागणीच्या आत घरी पोहोचतात.

म्हातारी माणसे येतात. दिवसा त्यांना वाट दिसते.

मुले येतात. शाळेची सहल येते. सुट्टीत मुलांची नाटकेही सकाळी किंवा दुपारी लागतात.

रात्रपाळीचा कामगार येतो. रात्री तो कामावर असतो. त्याला दुपारच मोकळी.

आणि खेड्यातली माणसे येतात. नवाचा खेळ सुटतो मध्यरात्री. तेव्हा गावाला एसटी कुठली? तीनचा खेळ सहाला सुटतो. म्हणजे मुक्कामाची गाडी सापडते.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. लंडन आणि न्यूयॉर्क या शहरांत नाटकवाल्यांनी बुधवारी आणि शनिवारी दुपारी प्रयोग ठेवण्याची प्रथा पाडली. लांब राहणाऱ्या बायका आणि मुले दुपारी येत आणि अंधार पडायच्या आत घरी जात. आपल्या पुण्या-मुंबईतही रविवारी दुपारी मराठी नाटकांचे प्रयोग होतात.

२०२३ साली 'बाईपण भारी देवा' हा मराठी सिनेमा आला. बायका घोळक्या-घोळक्याने तो पाहायला गेल्या. कोणी शेजारणींबरोबर, कोणी भिशीच्या मैत्रिणींबरोबर. कित्येक जणी पुष्कळ वर्षांनी थिएटरात गेल्या असतील.

यात फार मोठी गोष्ट आहे, मंडळी. जी माणसे रात्रीच्या खेळाला येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी दिवसाच्या खेळाने दार उघडले. करमणूक ही काही एकट्या कर्त्या पुरुषाची नाही. घरात राबणाऱ्या बाईलाही घडीभर विसावा हवा. तेव्हा दिवसाच्या खेळाला जरूर जा. घरच्यांनाही न्या.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. दिवसाच्या खेळाला मुले जास्त, बायका जास्त, म्हातारी माणसे जास्त. संकट आले तर पळण्यात हीच माणसे मागे पडतात. म्हणून आत यायचे दार जसे उघडे हवे, तसे बाहेर जायचे दारही उघडे हवे. ते बंद राहिले तर काय होते, याच्या तीन खऱ्या गोष्टी ऐका. तिन्ही दिवसाच्या खेळाच्या आहेत.

६. तीन दुपारी

पहिली गोष्ट अमेरिकेतल्या शिकागो शहरातली. तारीख ३० डिसेंबर १९०३. नाताळच्या सुट्टीचे दिवस होते. 'इरोक्वॉ' नावाचे नवे कोरे नाटकघर होते. ते उघडून जेमतेम महिना झाला होता. 'याला आग लागूच शकत नाही' अशी त्याची जाहिरात होती. दुपारच्या प्रयोगाला आया मुलांना घेऊन आल्या होत्या. नाटकघर गच्च भरले होते.

रंगमंचावरच्या एका मोठ्या दिव्याची ठिणगी पडद्यावर पडली. पडदा पेटला. आग अडवणारा एक खास पडदा वर बांधला होता. तो खाली सोडला, पण मध्येच अडकला. नाटकातला मुख्य नट पुढे येऊन लोकांना सांगत राहिला, घाबरू नका, शांत राहा. पण ज्वाळा आत घुसल्या. लोक दारांकडे धावले. कित्येक दारे शोभेच्या पडद्यांमागे लपली होती. कित्येकांना कुलपे होती. काही दारांच्या कड्या अशा होत्या की त्या कशा उघडायच्या ते कोणाला कळेना. काही दारे आत उघडणारी होती. मागून लोकांचा रेटा आला की ती उघडता येईनात. सहाशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले फार होती.

त्या प्रयोगाचे तिकीट कार्ल प्रिन्झलर नावाच्या एका माणसाकडे होते. तो लोखंडी सामान विकण्याचा धंदा करी. धंद्याच्या कामामुळे त्याला त्या दिवशी जाता आले नाही. म्हणून तो वाचला. पण ती गोष्ट त्याच्या मनातून जाईना. पुढे त्याने दुसऱ्या एका जाणकाराच्या मदतीने दाराला लावायचा एक आडवा दांडा तयार करवला. दांडा अंगाने ढकलला की दार बाहेर उघडते. कडी शोधावी लागत नाही. असा दांडा आज शहरात मोठ्या इमारतींच्या दारांना तुम्ही पाहाल. तो सहाशे माणसांच्या मरणातून आला आहे.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडमधल्या पेझली गावची. तारीख ३१ डिसेंबर १९२९. दुपारी मुलांसाठी सिनेमाचा खास खेळ होता. थिएटर मुलांनी भरले होते. त्या काळची सिनेमाची पट्टी फार लवकर पेट घेई. एक पट्टी डब्यात धुमसू लागली आणि धूर बाहेर आला. धूर पाहून मुले घाबरली. सगळी एका दाराकडे धावली. त्या दाराबाहेरचे लोखंडी जाळीचे फाटक बंद होते. मुले एकमेकांवर पडली. ७१ मुले गेली. नीट ऐका. थिएटर जळाले नव्हते. मुलांचा जीव घेतला तो धुराने, चेंगराचेंगरीने आणि बंद फाटकाने.

तिसरी गोष्ट आपल्याच देशातली. दिल्लीत 'उपहार' नावाचे सिनेमागृह होते. १३ जून १९९७ रोजी तिथे 'बॉर्डर' हा सिनेमा लागला. तीन ते सहाचा खेळ चालू होता. तळमजल्यावर गाड्या ठेवायची जागा होती. तिथेच विजेचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याला आग लागली. धूर जिन्यातून वर चढला आणि बाल्कनीत भरला. बाल्कनीतून बाहेर जायची एक वाट जादा खुर्च्या टाकून बंद केली होती. ५९ माणसे मेली. बहुतेक गुदमरून मेली. शंभरावर माणसे जखमी झाली. मेलेल्यांच्या नातलगांनी पुढे कित्येक वर्षे कोर्टात दाद मागितली.

आता ग्लोबची आठवण काढा. ते सारे जळाले, तरी माणसे बाहेर पडली. या तिन्ही ठिकाणी माणसांना वाट मिळाली नाही. चार खुर्च्यांच्या पैशांसाठी वाट अडवली, किंवा फुकट कोणी आत शिरू नये म्हणून दाराला कुलूप घातले, की असा घात होतो.

७. धूर आणि गर्दी

आग लागली की माणूस ज्वाळेला भितो. पण बंद खोलीत धूरच आधी मारतो. धुरात विषारी वायू असतो. तो छातीत गेला की माणसाला भोवळ येते. पाय चालत नाहीत.

धूर गरम असतो. म्हणून तो वर चढतो. जमिनीजवळ थोडी बरी हवा राहते. तेव्हा धुरात उभे राहून पळू नका. खाली वाका. जमल्यास ओले फडके नाकातोंडावर धरा. पदर चालेल, उपरणे चालेल. भिंतीच्या कडेने दाराकडे सरका.

गर्दीचेही तसेच. मागच्या माणसाला पुढचे दिसत नाही. तो रेटत राहतो. पुढचा पडतो, त्याच्यावर दुसरा पडतो. म्हणून ढकलू नका. लहान मुलाला उचलून घ्या. दोन्ही हात छातीपुढे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. चप्पल, पिशवी राहिली तर राहू द्या. ती घ्यायला मागे फिरू नका. लिफ्टमध्ये शिरू नका. वीज गेली तर ती मध्येच अडकते. जिन्याने उतरा.

८. आधी दार वाचा

तुम्ही एसटीत बसता. गाडीत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' अशी अक्षरे असतात. पूर्वी ती नुसती रंगवलेली नक्षी वाटत होती. आता तुम्ही ती वाचू शकता. थिएटरातही अशी पाटी असते. कुठे 'बाहेर' असे लिहिलेले असते. कुठे 'बाहेर जाण्याचा मार्ग' असते. कुठे हिंदीत 'निकास' असते. कुठे इंग्रजी अक्षरे असतात. ती येत नसली तरी अडत नाही. हिरव्या पाटीवर दाराकडे पळणाऱ्या माणसाचे चित्र असते आणि बाण असतो. बाण दाखवतो तिकडे दार.

समजा, एक आजी आणि तिचा नातू तीनच्या खेळाला गेले आहेत.

नातू म्हणतो, "आजी, चल की लवकर. सिनेमा सुरू होईल."

आजी म्हणते, "थांब रे बाळा. आधी दार बघू."

"दार? आत्ताच तर आलो त्यातनं."

"ते आत यायचं. बाहेर जायचं कुठं हाय ते बघू."

आजी मान वर करून पाहते. एक एक अक्षर लावते. "बा... हे... र. बाहेर. हे एक दार. आन् तिकडं त्या कोपऱ्यात दुसरं."

"आजी, तुला वाचता येतं?"

"येतंय की आता. तुझ्याएवढं भराभर न्हाई येत. पण येतं."

डोअरकीपर बॅटरी घेऊन उभा असतो. आजी त्याला विचारते, "दादा, ते कोपऱ्यातलं दार उघडतं न्हवं?"

तो म्हणतो, "उघडतं, आजी. खेळ चालू असताना त्याला कुलूप नसतं."

"मग बरं. चल बाळा, आता बसू. काही झालं तर त्या दारानं जायचं. चुकामूक झाली तर बाहेरच्या रसवंतीपाशी थांबायचं. कळलं?"

"कळलं, आजी."

एवढ्याला किती वेळ लागला? दोन मिनिटे. मग आजीने निवांत सिनेमा पाहिला.

दाराला कुलूप दिसले किंवा दारापुढे खुर्च्या, खोकी दिसली, तर काय करावे? गप्प बसू नका. मॅनेजरला सांगा. चार जणांनी मिळून सांगा. सिनेमागृह चालवायला सरकारचा परवाना लागतो. बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. तो मेहेरबानी करीत नाही. मॅनेजरने ऐकले नाही तर साध्या कागदावर अर्ज लिहा. थिएटरचे नाव, तारीख, खेळाची वेळ आणि काय पाहिले ते लिहा. खाली सही करा. तो अर्ज पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कचेरीत द्या. अंगठ्याऐवजी तुमची सही असेल, तर तुमचाच तुम्हाला अभिमान वाटेल.

गावच्या जत्रेतही हेच पाहा. तंबू उभारताना बाहेर जायला दोन-तीन वाटा ठेवायला सांगा. वाटेत दोरखंड नको, दुकान नको.

तिकिटावर खेळाची वेळ वाचायची. पाटीवर दर वाचायचा. आणि आत गेल्यावर 'बाहेर' हा शब्द वाचायचा. तीन अक्षरांचा हा शब्द ज्याला वाचता येतो, त्याने तो बरोबरच्यांनाही दाखवावा.

प्रश्न

१. मॅटिनी हा शब्द कोणत्या देशाच्या भाषेतून आला?

२. जुन्या काळी मोठी नाटके दिवसा का होत?

३. तंबूतला सिनेमा दिवसा का दाखवता येत नसे?

४. दुपारच्या खेळाचे तिकीट स्वस्त ठेवणे मालकाला कसे परवडते?

५. शिकागो, पेझली आणि दिल्ली या तिन्ही ठिकाणी कोणती एक गोष्ट सारखी होती?

६. धुरात सापडल्यास खाली का वाकावे?

करून पाहा

१. पुढच्या वेळी एसटीत बसाल तेव्हा 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरे कुठे आहेत ते शोधा. शेजारच्या माणसाला वाचून दाखवा.

२. आपल्या शाळेच्या, देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या सभागृहाला बाहेर पडायची दारे किती आहेत ते मोजा. ती आत उघडतात की बाहेर, ते पाहा. एकालाही कुलूप आहे का, ते पाहा.

३. आग विझवणाऱ्या बंबासाठी १०१ आणि कोणत्याही संकटात मदतीसाठी ११२ हा फोन नंबर असतो. हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि घरात दिसतील असे लावा.